डीएलएल फाइल गहाळ असल्याची त्रुटी

डीएलएल फाइल गहाळ असल्याची त्रुटी ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीवर एखादा प्रोग्रॅम, विशेषतः संगणकीय खेळ म्हणजेच गेम, सुरू होताना किंवा चालू असताना उद्भवणारी त्रुटी होय. प्रोग्रॅमला लागणारी सामायिक फाइल संगणकावर सापडली नाही, सापडूनही ती बिघडलेली निघाली, किंवा ती चुकीच्या प्रकारची असली, तर विंडोज तो प्रोग्रॅम पुढे चालू देत नाही. पडद्यावर येणाऱ्या संदेशात त्या फाइलीचे नाव दिलेले असते व प्रोग्रॅम पुन्हा स्थापित करून पाहण्याचा सल्ला असतो.

संदेशातील 'गहाळ' हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. बहुसंख्य प्रसंगी फाइल हरवलेली नसते; ती त्या संगणकावर कधी आलेलीच नसते. त्यामुळे विंडोज बिघडली असे समजून संपूर्ण संगणक नव्याने फॉरमॅट करणे हा उपाय बहुधा अनावश्यक ठरतो आणि त्यात वापरकर्त्याचे स्वतःचे लेखन, छायाचित्रे व अभ्यासाचे साहित्य नष्ट होण्याचा धोका असतो. कोणती फाइल कोणाच्या मालकीची, हे तिच्या नावावरून ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

फाइलींची नावे संगणकावर रोमन अक्षरांत दिसतात. या लेखात ती अक्षरशः देवनागरीत उतरविली आहेत.

पार्श्वभूमी

डीएलएल हे 'डायनॅमिक लिंक लायब्ररी' या नावाचे लघुरूप आहे. अनेक प्रोग्रॅमांना समान कामे करावी लागतात: पडद्यावर खिडकी उघडणे, ध्वनी वाजविणे, वर्गमूळ काढणे, त्रिमितीय आकृतीचे गणित करणे इत्यादी. या कामांच्या आज्ञा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे न लिहिता एका सामायिक फाइलीत ठेवल्या जातात आणि ज्याला गरज पडेल तो प्रोग्रॅम ती फाइल आपल्याशी जोडून घेतो. शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्र शब्दकोश विकत घेण्याऐवजी ग्रंथालयातील एकच प्रत सर्वांनी वापरावी, तसा हा प्रकार आहे. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीला किमान २५६ किलोबाइट स्मृती पुरत असे. इतक्या अपुऱ्या जागेत एकाहून अधिक प्रोग्रॅम चालवायचे तर आज्ञांची वाटणी करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाटणीचा तोटाही त्याच दृष्टान्तातून स्पष्ट होतो. ग्रंथालयातील प्रत जागेवर नसेल तर सर्वांचेच अडते, आणि कोणी नव्या आवृत्तीच्या जागी जुनी प्रत ठेवून गेले तर वाचकाला हवा तो शब्द सापडत नाही.

गेम सुरू होताना विंडोज त्याच्यासोबतची यादी वाचते व तीत नमूद केलेल्या डीएलएल शोधू लागते. काही मोजक्या मूलभूत फाइली वगळता हा शोध प्रथम गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणि नंतर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये होतो. शोधाचा हा क्रम पुढील विवेचनात वारंवार येईल. यादीतील एकही फाइल न मिळाल्यास गेम सुरूच होत नाही. काही फाइली मात्र गेम चालू असताना गरज पडेल तेव्हा मागविल्या जातात. अशी फाइल नसेल, तर गेम व्यवस्थित सुरू होतो आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगी, उदाहरणार्थ चित्रफीत दाखविण्याच्या क्षणी, कोणताही संदेश न देता बंद पडतो.

इतिहास

१९९०च्या दशकात विंडोजवरील प्रत्येक प्रोग्रॅमचा स्थापक आपल्यासोबतच्या डीएलएल थेट सिस्टिम फोल्डरमध्ये टाकीत असे. एका प्रोग्रॅमने टाकलेली जुनी आवृत्ती दुसऱ्याच्या नव्या आवृत्तीवर चढून बसे आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडे. या दुरवस्थेला संगणकतज्ज्ञ 'डीएलएल हेल' म्हणजे डीएलएलचा नरक म्हणू लागले. विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाइल तपासणारे साधन देण्यात आले. विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फाइलींची राखीव प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची आणि कोणी मूळ फाइल बदलल्यास ती राखीव प्रतीतून परत आणण्याची योजना आली. विंडोज एक्सपी (२००१) पासून एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. विंडोज व्हिस्टापासून सिस्टिम फाइलींची मालकीच एका स्वतंत्र सेवेकडे सोपविण्यात आली. परिणामी, प्रशासकाचे अधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही त्या सहजासहजी बदलता येत नाहीत.

या सुधारणांमुळे आवृत्त्यांची झटापट बरीच थांबली, परंतु गेमला हवी असलेली फाइल मुळातच न येण्याचा प्रश्न उरला.

त्रुटीची रूपे

फाइलीचे नाव सांगणारा संदेश हे सर्वांत सोयीचे रूप होय. काही वेळा नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक दिसतो. शेवटी १३५ असलेला क्रमांक (०एक्ससी००००१३५) आवश्यक डीएलएल न सापडल्याचे दर्शवितो. ०एक्ससी००००१३९ याचा अर्थ फाइल आहे, पण तिच्यात अपेक्षित आज्ञा नाही. म्हणजे बहुधा आवृत्ती जुनी आहे. ०एक्ससी००००१४२ म्हणजे फाइल सापडली, परंतु ती कार्यान्वित होऊ शकली नाही. ०एक्ससी०००००७बी हा ३२ व ६४ बिटांच्या फाइलींची सरमिसळ सुचवितो. त्याचे विवेचन पुढे केले आहे. ०एक्ससी००००००५ हा क्रमांक मात्र स्मृतीतील निषिद्ध जागेला हात लावल्याचा आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि केवळ त्यावरून फाइल बिघडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

गेम संदेशाविना बंद पडल्यास विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत त्या वेळेची नोंद पाहावी. तेथे बंद पडलेल्या प्रोग्रॅमचे आणि ज्या घटकात तो कोसळला त्या घटकाचे नाव असते. 'रिलायबिलिटी मॉनिटर' या साधनात हीच माहिती दिनांकवार, अधिक सुबोध स्वरूपात मिळते.

नावावरून फाइलीची ओळख

डायरेक्टएक्सच्या साहाय्यक फाइली. ज्यांचे नाव डी३डीएक्स९_ असे सुरू होऊन पुढे दोन अंकी क्रमांक येतो, त्या फाइली या त्रुटीचे अभिजात उदाहरण आहेत. डायरेक्टएक्स हा मायक्रोसॉफ्टने १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केलेला, गेमसाठी चित्र, ध्वनी व नियंत्रक हाताळणारा संच होय. त्याच्या नवव्या आवृत्तीच्या काळात विकासकांसाठीची साधने वरचेवर प्रसिद्ध होत आणि साहाय्यक फाइल नव्या क्रमांकाने येई. फेब्रुवारी २००५ मध्ये २४ पासून सुरू झालेली ही मालिका जून २०१० मध्ये ४३ वर थांबली. ज्या गेमची रचना २७ क्रमांकाच्या फाइलीवर झाली आहे, त्याला २७ हीच फाइल लागते. ४३ चालत नाही.

या फाइली विंडोजचा भाग कधीच नव्हत्या. त्या गेमच्या स्थापकाने सोबत आणाव्यात अशी अपेक्षा होती. येथेच बहुतेकांची फसगत होते. विंडोजमधील 'डीएक्सडायग' हे निदानसाधन उघडले असता डायरेक्टएक्सची आवृत्ती १२ असल्याचे दिसते आणि 'बारा असताना नऊ कशाला?' असा प्रश्न पडतो. बारावी आवृत्ती नवव्या आवृत्तीच्या जागी आलेली नसून तिच्या शेजारी आलेली आहे, आणि नवव्या आवृत्तीचा गाभा विंडोजमध्ये असला तरी या साहाय्यक फाइली त्यात नाहीत. विंडोज १० किंवा ११ नव्याने स्थापित केलेल्या संगणकावर २००७ सालचा गेम चालविला की ही त्रुटी येण्याचे कारण हेच. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम' हा जून २०१० चा संच चालविल्यास सर्व क्रमांकांच्या फाइली एकदम येतात. गेमच्या नियंत्रकासाठी लागणारी एक्सइनपुट१_३ आणि ध्वनीसाठी लागणारी एक्सऑडिओ२_७ यांचाही त्यात समावेश आहे. संच जुना असला तरी त्याने विंडोजची नवी आवृत्ती मागे जात नाही. तो केवळ उणिवा भरून काढतो.

व्हिज्युअल सी++ च्या फाइली. एमएसव्हीसीपी, एमएसव्हीसीआर आणि व्हीसीरनटाइम या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली सी++ भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांना लागतात, आणि विंडोजवरील बहुतांश गेम याच भाषेत लिहिलेले असतात. नावातील क्रमांक साधनाची अंतर्गत आवृत्ती सांगतो: १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. यानंतर १३० नाही. तेरावा क्रमांक वगळून २०१५ च्या आवृत्तीला थेट १४ क्रमांक देण्यात आला. २०१५, २०१७, २०१९ व २०२२ या चारही आवृत्त्यांच्या फाइली १४० याच क्रमांकाच्या असून त्यांसाठी एकच एकत्रित संच पुरतो. त्यापूर्वीच्या प्रत्येक वर्षाचा संच मात्र स्वतंत्र आहे.

व्हीसीरनटाइम१४०_१ ही फाइल या मालिकेत उशिरा, २०१९ च्या आवृत्तीबरोबर आली. म्हणून २०१५ चा जुना संच असलेल्या संगणकावर व्हीसीरनटाइम१४० सापडते, परंतु तिची ही धाकटी बहीण सापडत नाही. नवा संच वरून स्थापित केल्यास हा दोष दूर होतो.

स्थापित प्रोग्रॅमांच्या यादीत या संचाची दहा-बारा नावे एकाखाली एक दिसतात. ती अनावश्यक पुनरावृत्ती समजून जागा मोकळी करण्यासाठी काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. ती पुनरावृत्ती नव्हे. प्रत्येक नोंद वेगळ्या वर्षाच्या किंवा वेगळ्या बिटांच्या प्रोग्रॅमांसाठी असते आणि त्यांपैकी एक काढल्यावर दुसराच कोणता तरी गेम बंद पडतो.

एपीआय-एमएस-विन-सीआरटी असे लांबलचक नाव असलेली फाइल गहाळ दाखविली जात असेल, तर संगणकावर विंडोज ७, ८ किंवा ८.१ आहे आणि त्यावर आवश्यक अद्यतने झालेली नाहीत असे समजावे. विंडोज १० पासून हा घटक संचालन प्रणालीतच समाविष्ट आहे.

एमएफप्लॅट ही चित्रफितींसाठीची फाइल नसण्यामागे कायद्याची पार्श्वभूमी आहे. युरोपीय आयोगाने २००४ साली दिलेल्या निर्णयानंतर मायक्रोसॉफ्टला विंडोजची माध्यमसाधने वगळलेली आवृत्ती युरोपात उपलब्ध करावी लागली. तिच्या नावापुढे 'एन' हे अक्षर असते. अशा आवृत्तीवर काही गेम चित्रफीत सुरू होताच बंद पडतात. विंडोज १० व ११ मध्ये 'मीडिया फीचर पॅक' हा पूरक भाग वैकल्पिक सुविधांच्या यादीतून घेता येतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी युरोपात गेलेल्यांनी तेथे संगणक घेतला असल्यास हे अक्षर एकदा तपासून घ्यावे.

एक्सलाइव्ह ही फाइल 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' या २००७ साली सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची होती. ती सेवा मागे पडल्यावर तिच्यावर अवलंबून असलेले गेम पोरके झाले. ग्रँड थेफ्ट ऑटो ४ हा गेम याच कारणास्तव जानेवारी २०२० मध्ये स्टीमवरील विक्रीतून बाहेर गेला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ही सेवा वगळून परत आला. फॉलआउट ३ मधून ती २०२१ साली काढण्यात आली. अशा वेळी गेमची अद्ययावत प्रत घेणे हाच खरा उपाय होय.

याखेरीज स्टीम_एपीआय यासारख्या फाइली गेमच्या वितरकाच्या, तर काही पूर्णतः त्या गेमच्या स्वतःच्या असतात. त्यांचा विंडोजशी संबंध नसतो.

३२ व ६४ बिटांचा घोळ

६४ बिटांच्या विंडोजमध्ये दोन सिस्टिम फोल्डर असतात: 'सिस्टिम३२' आणि 'सिसवाऊ६४'. नावावरून जे वाटते त्याच्या नेमके उलट येथे आहे. सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटांच्या फाइली असतात आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२ बिटांच्या. जुने नाव अनेक प्रोग्रॅमांत पक्के लिहिले गेले असल्याने ते बदलता आले नाही. दुसऱ्या नावातील 'वाऊ' ही अक्षरे ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांची विंडोज या अर्थाची आहेत.

३२ बिटांचा गेम सिस्टिम३२ मध्ये फाइल शोधू लागला की विंडोज त्याला निमूटपणे सिसवाऊ६४ कडे वळविते. म्हणून कोणी डीएलएल मिळवून ती सिस्टिम३२ मध्ये ठेवली तरी जुना गेम ती नसल्याचेच सांगत राहतो. उलटपक्षी ६४ बिटांच्या गेमला ३२ बिटांची फाइल मिळाली की ०एक्ससी०००००७बी हा क्रमांक येतो. व्हिज्युअल सी++ चे संच 'एक्स८६' आणि 'एक्स६४' अशा दोन्ही स्वरूपांत स्थापित करावेत, असे सांगितले जाते ते यामुळेच. विंडोज ६४ बिटांची असली तरी गेम ३२ बिटांचा असू शकतो.

विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची दुरुस्ती

अचानक वीज जाणे, डिस्क नादुरुस्त होणे, अर्धवट राहिलेले अद्यतन किंवा विषाणू यांमुळे विंडोजच्या मालकीच्या फाइली खरोखरच बिघडू शकतात. गेमबरोबरच इतर प्रोग्रॅम, सेटिंग्ज किंवा अद्यतनेही अडखळू लागली असतील, तर ही शक्यता विचारात घ्यावी.

त्यासाठी विंडोजमध्ये दोन साधने आहेत. 'सिस्टिम फाइल चेकर' हे साधन प्रत्येक संरक्षित फाइलीची तपासणी करते आणि बिघडलेली फाइल विंडोजच्या घटकसाठ्यातील चांगल्या प्रतीने बदलते. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात एसएफसी ही अक्षरे, एक रिकामी जागा, तिरपी रेघ आणि 'स्कॅननाऊ' हा जोडशब्द रोमन लिपीत टंकित केला की तपासणी सुरू होते. परंतु घटकसाठाच बिघडला असेल, तर चांगली प्रत आणायची कोठून? 'डिसम' हे दुसरे साधन हा साठाच दुरुस्त करते आणि आवश्यक फाइली विंडोज अपडेटकडून मागविते; म्हणून त्याला इंटरनेट लागते. त्याच्या आज्ञेत डिसम या नावापुढे 'ऑनलाइन', 'क्लीनअप-इमेज' व 'रिस्टोअरहेल्थ' हे तीन शब्द, प्रत्येकापूर्वी रिकामी जागा व तिरपी रेघ देऊन, लिहितात. येथील 'ऑनलाइन' या शब्दाचा अर्थ इंटरनेट असा नसून सध्या चालू असलेली विंडोज असा आहे. ही सुविधा विंडोज ८ पासून उपलब्ध आहे. आधी डिसम आणि नंतर सिस्टिम फाइल चेकर हा क्रम योग्य. उलट क्रमाने केल्यास दुसरे साधन पुन्हा चालवावे लागते.

तपासणीअंती दोष आढळला नाही, दोष आढळून दूर झाला, किंवा दोष आढळला पण काही फाइली दुरुस्त झाल्या नाहीत, यांपैकी एक निष्कर्ष येतो. तिसऱ्या निष्कर्षानंतर संगणक पुन्हा सुरू करून तपासणी परत करावी. तरीही दोष राहिला, तर विंडोजच्या स्थापनाप्रतीतून विद्यमान विंडोजवरच तीच आवृत्ती पुन्हा स्थापित करता येते आणि त्यात वैयक्तिक फाइली व प्रोग्रॅम शाबूत राहतात. तथापि, तत्पूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.

या साधनांची मर्यादा ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. ती केवळ विंडोजच्या मालकीच्या फाइली तपासतात. डी३डीएक्स९_४३ गहाळ असताना सिस्टिम फाइल चेकर कितीही वेळा चालविला तरी 'दोष नाही' असेच उत्तर येईल, आणि त्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरच आहे. प्रत्येक अडचणीवर हीच आज्ञा सुचविण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. त्यात पुष्कळांचा वेळ व्यर्थ जातो.

गेमच्या फाइलींची पडताळणी

गेमच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइली त्याच्या वितरकाकडून तपासून घेता येतात. स्टीम, एपिक गेम्स आणि गॉग गॅलेक्सी या तिन्हींमध्ये तशी सोय आहे. वितरकाकडील सूचीशी प्रत्येक फाइल ताडून पाहिली जाते आणि जी जुळत नाही तेवढीच पुन्हा उतरविली जाते. संपूर्ण गेम काढून नव्याने घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते, विशेषतः मोबाइलच्या मर्यादित डेटावर गेम उतरविणाऱ्यांसाठी. स्टीमवरील अनेक गेमच्या फोल्डरमध्ये 'कॉमनरिडिस्ट' या नावाचे उपफोल्डर असते. त्यात डायरेक्टएक्स व व्हिज्युअल सी++ चे संच आधीच ठेवलेले असतात.

पडताळणीनंतर आलेली फाइल पुन्हा पुन्हा नाहीशी होत असेल, तर विषाणूरोधक प्रोग्रॅमच्या विलगीकरण यादीत पाहावे. अनधिकृत प्रतींमध्ये हा प्रकार विशेष आढळतो, कारण त्यांतील स्टीम_एपीआय सारख्या फाइली मुद्दाम बदललेल्या असतात आणि विषाणूरोधक त्या काढून टाकतो. तो चुकीने काढतो की योग्य कारणाने, हे वापरकर्त्याला घरबसल्या ठरविता येत नाही.

गेममध्ये बदल घडविणारे 'मॉड' हे आणखी एक कारण. डीइनपुट८, डी३डी९ किंवा डीएक्सजीआय या नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवून अनेक मॉड आपले काम साधतात. विंडोज आधी तेच फोल्डर पाहत असल्याने मूळ फाइलीऐवजी मॉडची फाइल उचलली जाते. गेमचे अद्यतन झाल्यावर ती विसंगत ठरून गेम कोसळू शकतो. पडताळणीत अशी जादा फाइल सहसा काढली जात नाही. ती हाताने बाजूला ठेवावी लागते.

सुटी डीएलएल उतरविण्याचे धोके

गहाळ फाइलीचे नाव शोधयंत्रात टाकले की ती एकच फाइल विनामूल्य देणारी संकेतस्थळे वर येतात. हा मार्ग टाळावा. डीएलएल ही चित्र वा मजकूर यांसारखी निरुपद्रवी फाइल नसून चालविली जाणारी आज्ञावली आहे. ती गेमच्या अधिकाराने चालते, आणि गेम प्रशासकाच्या अधिकाराने उघडला असेल तर त्याच अधिकाराने चालते. अशा फाइलीत दडविलेला प्रोग्रॅम परवलीचे शब्द व बँकेची माहिती चोरू शकतो. फाइल निर्दोष असली तरी तिची आवृत्ती व बिट जुळतीलच असे नाही. आणि एक फाइल आली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी गहाळ असल्याचा संदेश येतो. मूळ निर्मात्याचा संच एकाच वेळी सर्व फाइली आणतो आणि पुढील सुरक्षा अद्यतनांचा मार्गही मोकळा ठेवतो.

मिळविलेली फाइल 'रेगएसव्हीआर३२' या आज्ञेने नोंदवावी, असा सल्लाही प्रचलित आहे. ही आज्ञा विशिष्ट रचनेच्या डीएलएलसाठी आहे. वर उल्लेखिलेल्या डी३डीएक्स९ किंवा एमएसव्हीसीपी यांना तिची गरज नसते आणि तसे केल्यास आणखी एक त्रुटी तेवढी दिसते.

हेतुपुरस्सर काढलेली फाइल

प्रत्येक गहाळ फाइल परत आणावी असे नाही. सीडीवर विकल्या गेलेल्या अनेक जुन्या गेममध्ये नकलविरोधी 'सेफडिस्क' ही योजना होती. तिचा सेकड्रव्ह हा ड्रायव्हर विंडोजमध्येच समाविष्ट असे आणि तो प्रणालीच्या सर्वांत आतल्या, अधिकारसंपन्न स्तरावर चालत असे. २००७ साली त्यात गंभीर सुरक्षादोष आढळला. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने हा ड्रायव्हर वगळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमधील अद्यतनाने व्हिस्टा ते ८.१ या आवृत्त्यांवरही तो निष्क्रिय केला. परिणामी, पैसे देऊन रीतसर विकत घेतलेली मूळ सीडी हाती असूनही गेम सुरू होत नाही, अशी स्थिती निर्माण झाली. अनेकांचा यावरील रोष समजण्यासारखा आहे. परंतु एका खेळासाठी संपूर्ण संगणकाचे दार उघडे ठेवणे हा व्यवहार्य सौदा नव्हे. प्रकाशकाने सीडीची अट काढणारे अधिकृत अद्यतन दिले असल्यास ते वापरावे, किंवा गॉगसारख्या वितरकाकडे त्या गेमची नवी प्रत उपलब्ध आहे का ते पाहावे.

फाइलीचा दोष नसताना

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोषी घटक म्हणून एनटीडीएलएल या फाइलीचे नाव वारंवार दिसते. ही विंडोजची अत्यंत मूलभूत फाइल असून जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमची वाट तिच्यातून जाते. अन्यत्र झालेली चूक तिच्या हद्दीत उघड होते इतकेच. ती बदलू पाहणे निरर्थक आणि धोकादायक आहे. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचे नाव दिसल्यास निर्मात्याकडून तो ड्रायव्हर नव्याने घ्यावा.

दुरुस्त केलेल्या फाइली पुनःपुन्हा बिघडत असतील, तर डिस्क किंवा स्मृतीचे भाग तपासावेत. विंडोजमधील 'चेकडिस्क' आणि 'मेमरी डायग्नोस्टिक' ही साधने त्यासाठी आहेत. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम वारंवार कोसळू लागले. चित्रस्मृती अपुरी असल्याचा संदेश येई, आणि वापरकर्ते ड्रायव्हर बदलण्यात व गेम पुन्हा उतरविण्यात गुंतून राहत. अखेरीस प्रोसेसरला प्रमाणापेक्षा अधिक विद्युतदाब मिळत असल्याचे इंटेलने मान्य केले, ऑगस्टमध्ये सुधारित मायकोड मदरबोर्ड निर्मात्यांमार्फत दिला आणि हमीचा कालावधी दोन वर्षांनी वाढविला. ज्या प्रोसेसरांची हानी आधीच झाली होती, ते या सुधारणेने पूर्ववत झाले नाहीत व बदलूनच घ्यावे लागले.

देवनागरी नावांचे फोल्डर

मराठी वापरकर्त्यांना एका निराळ्या कारणाने याच प्रकारची त्रुटी भेटू शकते. युनिकोडपूर्व पद्धतीने लिहिलेले जुने गेम फोल्डरची नावे विंडोजच्या जुन्या संकेतसारणीतून वाचतात. अनेक युरोपीय लिप्यांना, तसेच जपानी व चिनी लिप्यांना अशी सारणी होती. देवनागरीला विंडोजमध्ये ती कधीच मिळाली नाही, तिला आधार मिळाला तो थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे वापरकर्त्याचे नाव किंवा गेमचे फोल्डर देवनागरीत असेल, तर जुन्या गेमला त्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात आणि समोर असलेली फाइलही सापडत नाही. कित्येकदा गेम सुरू होतो, पण खेळाची प्रगती साठविताना कोसळतो, कारण ती नोंद वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये होत असते.

गेम रोमन नावाच्या साध्या फोल्डरमध्ये स्थापित करावा. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव खाते उघडतानाच ठरते आणि नंतर दर्शनी नाव बदलूनही ते बदलत नाही. म्हणून अशा गेमसाठी रोमन नावाचे दुसरे खाते उघडणे सोयीचे पडते. युनिकोडवर आधारलेल्या गेममध्ये ही अडचण येत नाही.

लिनक्सवर

लिनक्सवर वाइन किंवा स्टीमचा प्रोटॉन यांच्या साहाय्याने विंडोजचे गेम चालवितात. तेथेही डीएलएल लागतातच, मात्र त्यांपैकी पुष्कळ वाइनने स्वतः नव्याने लिहिलेल्या असतात. त्या अपुऱ्या पडल्यास 'वाइनट्रिक्स' या साधनाने मूळ संच त्या गेमपुरता स्थापित करता येतो. प्रोटॉनमध्ये प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र फोल्डरात जणू वेगळी विंडोज मांडलेली असल्याने एका गेमसाठी आणलेल्या फाइलीमुळे दुसरा गेम बिघडत नाही.